कावळ्यानं वाचवलेली भिंत

पडकं घर पाडायला नगरपरिषदेला इतका वेळ का लागतो, हा प्रश्न मला लग्नात विचारला गेला आहे, बारशात विचारला गेला आहे, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरनं माझ्या तोंडात दोन्ही हात घालून विचारला आहे. तिथं उत्तर देता येत नव्हतं, म्हणून तो एकटाच बोलत राहिला आणि मी डोळे मिचकावत राहिलो. निवृत्त झाल्यावर तरी सुटका होईल असं वाटलं होतं. तर आता या अंकाच्या संपादकांनीही तेच विचारलं, आणि वर ‘जरा गमतीशीर लिहा’ म्हणाले. गंमत ज्याला वाटते त्याला वाटो. माझा रक्तदाब त्याच गमतीनं वाढलेला आहे.

मी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात लिपिक होतो. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या पट्ट्यातच सगळी नोकरी झाली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या पेन्शनची फाईल अजून तिथल्याच कपाटात आहे आणि ते कपाट आधीच नीट उघडत नाही. पडक्या, बंद, बेवारस दिसणाऱ्या मिळकती हे माझं टेबल. ‘दिसणाऱ्या’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. खरोखर बेवारस घर मी उभ्या नोकरीत एकही पाहिलं नाही. घराला वारस नाही ही अडचण कधीच नव्हती. वारस फार आहेत आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही, ही होती.

आमच्या भागात घरं ओस पडतात ती माणसं हलाखीत गेली म्हणून नव्हे. उलट आहे. कालव्याचं पाणी आलं, डाळिंब आलं, द्राक्ष आलं, आणि माणसं मळ्यात बंगले बांधून तिकडंच राहायला गेली. मुलं पुण्याला गेली. गावातल्या घराला कुलूप लागलं. कुलूप लावताना प्रत्येकाला वाटतं, हे तात्पुरतं आहे. मग पत्रा उडतो, भिंतीत पाणी मुरतं, आत वेडी बाभळ उगवते, शेजारी पहिल्या दिवशी घरातला केर टाकतो आणि दुसऱ्या दिवशी तोच शेजारी आमच्याकडं घाणीची तक्रार घेऊन येतो. एकानं तर तक्रार केली की पडक्या घरातला साप त्याच्या न्हाणीत येतो, तरी सापाच्या मालकावर कारवाई व्हावी. मी अर्ज घेतला आणि पोच दिली. दुसरं काय करणार?

लोकांना वाटतं, जेसीबी न्यायचा आणि पाडायचं. कायद्यात तसं आहेही. घर धोकादायक असेल तर मालकाला सांगायचं, बाबा, दुरुस्त कर नाहीतर उतरवून घे. त्यानं नाही केलं तर नगरपरिषदेनं उतरवायचं. वाचायला फार सोपं आहे. पण मालक म्हणजे उताऱ्यावर नाव असलेला प्रत्येक जण, आणि त्यातल्या एकाला जरी नोटीस पोचली नाही, तरी तोच एक जण पाडापाडीनंतर वकील घेऊन हजर होतो. म्हणून आमचं निम्मं आयुष्य नोटीस पोचवण्यात गेलं. माणूस सापडला नाही तर नोटीस दारावर डकवायची, पंचांच्या सह्या घ्यायच्या, फोटो काढायचा. आमचा शिपाई सुदाम मैद्याची खळ करून डकवायचा. त्या खळीपायी शेळ्या नोटीस खाऊन टाकायच्या. फोटोत नोटीस आणि कोपऱ्यात शेळीचं तोंड, असा एक फोटो कोर्टातही गेला. समोरच्या वकिलानं तो न्यायाधीशांना दाखवला तेव्हा मला भूमी दुभंगेल तर बरं असं झालं होतं.

तेव्हा मी माझी स्वतःची एक पद्धत काढली. भांडणारे भाऊ लग्नाला एकत्र येत नाहीत. सणाला येत नाहीत. पण दहाव्याला येतात. कितीही हाडवैर असो, बाप गेला की दहाव्या दिवशी घाटावर झाडून सगळे हजर. आणि ते कुठं, कधी, हे शोधायलाही लागत नाही. चौकात फ्लेक्स लागतो. वर मयताचा फोटो, खाली दशक्रिया विधीची वेळ, आणि त्याखाली ‘शोकाकुल’ म्हणून मुलं, सुना, जावई, नातवंडं, पुतणे. वारसांची इतकी अचूक नोंद सरकारी दप्तरात कुठंही मिळणार नाही. मी सकाळी ऑफिसला जाताना फ्लेक्स वाचत जायचो. लोकांना वाटायचं, माणूस फार हळवा आहे.

दहाव्याला नोटीस देणं शोभतं का, असं कुणी म्हणेल. मी प्रवचन संपेपर्यंत थांबायचो, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं ऐकायचो, पिंडाला कावळा शिवला की माणसं चहाकडं वळायची, तेव्हा हळूच एकेकाला बाजूला घेऊन सह्या घ्यायचो. बरीच प्रकरणं अशी मार्गी लागली. लोकही फारसे चिडले नाहीत. मला माझ्या या पद्धतीचा अभिमान होता, आणि तोच अभिमान घेऊन मी आबांच्या दहाव्याला गेलो.

आबा म्हणजे दिनकरराव. पेठेत त्यांचं दोन मजली मातीच्या भिंतींचं घर. स्वतः ते कधीच अंथुर्ण्याला मळ्यात राहायला गेले होते आणि घर बंद होतं. त्याची उगवतीकडची भिंत पोट सुटावं तशी बाहेर आलेली, तिच्यात पिंपळ रुजलेला, आणि त्या भिंतीला लागून शारदाबाईंची पिठाची गिरणी. पत्र्याची शेड, एक चक्की, एक मिरचीचं यंत्र. शारदाबाई माहेरच्या निरवांगीच्या. नवरा मालट्रकवर, महिन्यातून दोन-चार दिवस घरी. घर चालायचं ते गिरणीवर. बाई दिवसभर पिठात पांढरी होऊन उभी असायची आणि डोक्यावर ती भिंत. चक्की सुरू झाली की भिंतीतून माती झरायची. दळणात माती पडते म्हणून तिनं वर साडी बांधली होती. लोक दळण टाकायचे, वर बघायचे आणि म्हणायचे, नंतर येतो न्यायला.

आबांना हे सगळं ठाऊक होतं. ते स्वतः माझ्याकडं आले होते. एसटीनं अंथुर्ण्याहून आले, माझ्या टेबलासमोर बसले आणि म्हणाले, “भाऊसाहेब, माझी ती भित पाडा.”

उभ्या नोकरीत हा एकच माणूस, जो आपण होऊन स्वतःचं घर पाडा म्हणायला आला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

“तिच्याखाली शारदा गिरनी चालवती,” आबा म्हणाले. “पोरीगत हाय ती मला. माझ्या घरानं तिचा जीव घेतला तर मी कुठं तोंड दावू?”

मी उतारा काढला. उताऱ्यावर आबांबरोबर तिन्ही मुलांची नावं. थोरले विलासराव बारामतीला, हार्डवेअरचं दुकान. मधला संजय पुण्यात कंपनीत. धाकटा नितीन भिगवणला, हायवेवर हॉटेल. तिघांच्या सह्या लागणार, असं मी सांगितलं.

“माझं घर मी पाडायला पोरांची सही?” आबा म्हणाले. “बांधताना कुनाची घेतली न्हवती मी.”

नियम मी केला नव्हता, पण सांगायची वेळ माझ्यावरच यायची. आबा वर्षभर सह्यांच्या मागं फिरले. थोरला म्हणायचा, आधी वाटणी. मधला म्हणायचा, दादानं केली की करतो. धाकटा म्हणायचा, दोघांनी केली की मला फोन करा. आबा दर खेपेला येऊन मला हे सांगायचे आणि मी दर खेपेला चरफडायचो. मग ते यायचे बंद झाले. आजारी आहेत असं कळलं. आणि एके दिवशी चौकात फ्लेक्स लागला.

दहाव्याच्या सकाळी ऑफिसची जीप कुठल्याशा साहेबांना घेऊन पुण्याला गेलेली. सुदाम म्हणाला, घंटागाडी घाटाकडंच चाललीय. आम्ही दोघं घंटागाडीत बसून गेलो. नोटिसा माझ्या मांडीवर, स्वच्छतेचं गाणं डोक्यावर. घाटाच्या वरच्या अंगाला गाडी थांबली आणि ड्रायव्हर उतरून तंबाखू मळत कुणाशी तरी बोलायला गेला. गाणं चालूच.

खाली प्रवचन झालं, भाषणं झाली, पिंड मांडले. सगळे मागं सरकले. कावळा येईना. लांबच्या बाभळीवर दोन-तीन बसलेले दिसत होते, माना वळवत होते, पण उतरेनात.

अशा वेळी काय होतं हे वाचकांना सांगायला नको. मयताची काहीतरी इच्छा राहिली आहे, असं धरतात आणि मुलं एकेक वचन देऊ लागतात. विलासराव हात जोडून पुढं झाले. “आबा, आईची काळजी करू नका. आमी हाय.” कावळा ढिम्म. “आबा, बागंतली विहीर आपन समाईकच ठेवू.” नाही. नितीन म्हणाला, “आबा, बैलगाडी इकत न्हाय.” गर्दीतून एकजण म्हणाला, नातीच्या लग्नाचं बोला. तेही बोलून झालं. ऊन चढलं होतं. माणसं पायावर पाय बदलत होती. भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले.

तेवढ्यात विलासरावांची नजर माझ्यावर गेली. माझ्या हातातल्या नोटिसांवर गेली. त्यांचा चेहरा असा झाला की आता उलगडा झाला. ते पुन्हा पिंडाकडं वळले आणि मोठ्यानं म्हणाले, “आबा, पेठंतलं घर पाडनार न्हाय! पाडू देनार न्हाय कुनाला!”

त्याच क्षणी वर घंटागाडीचा ड्रायव्हर गप्पा आटपून आला आणि त्यानं गाणं बंद केलं.

घाटावर एकदम शांतता झाली. बाभळीवरचा कावळा उडाला, सरळ खाली आला आणि पिंडावर चोच मारली.

काय गलका झाला म्हणून सांगू! माणसं रडायला लागली. तिन्ही भाऊ, ज्यांचं कित्येक दिवस बोलणं नव्हतं, ते एकमेकांच्या गळ्यात पडले. मी पुढं झालो आणि म्हणालो, “अहो, ते गाणं बंद झालं म्हणून आला तो. आणि आबांना तर घर पाडायचं होतं. माझ्याकडं येऊन गेलेत ते, अर्ज आहे त्यांचा.”

विलासरावांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच पिंडाला लाथ मारली. “भाऊसाहेब, तुमचा अर्ज खरा आन् कावळा खोटा व्हय?”

आजूबाजूला बरीच माणसं होती आणि सगळी त्यांच्या बाजूची. सुदामनं माझी बाही ओढली. आम्ही त्याच घंटागाडीत बसून परत आलो. येताना ड्रायव्हरनं गाणं पुन्हा लावलं, तेव्हा मी त्याला जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

तिथून पुढं त्या प्रकरणात कायदा, अभियंता, मुख्याधिकारी, कुणाचंच चालेना. आमच्या प्रत्येक नोटिशीला भावांचं एकच उत्तर. आबांच्या जागी उताऱ्यावर त्यांच्या पत्नीचं, मालनकाकूंचं नाव लागलं होतं. नोटिशीवर ते सगळ्यात वर असायचं, पण अंथुर्ण्याला गेलं की मळ्यातली माणसं नोटीस थोरल्याकडं द्या म्हणत आणि थोरले लेखी उत्तर पाठवत: ‘मयताची अंतिम इच्छा घर न पाडण्याची असून ती दशक्रिया विधीच्या वेळी सर्वांसमक्ष सिद्ध झालेली आहे.’ सर्वांसमक्ष! नव्या मुख्याधिकाऱ्यांनी हे वाचलं आणि मला विचारलं, “कावळ्याचा जबाब घेतलात का?” मला वाटलं, चला, साहेब ठाम दिसतात. आठ-पंधरा दिवसांत त्यांना नगरसेवकाचा फोन आला. मग साहेब म्हणाले, “भावनेचा प्रश्न आहे, जरा सबुरीनं घ्या.” नगरसेवक मला जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, “इलेक्शन होऊन जाऊ द्या की, भाऊसाहेब. भित काय पळून चाललीय?” भिंत पळून चालली नव्हती हे खरं. ती वाकत होती.

शारदाबाईंनी पोर्टलवर तक्रार केली. पोर्टलवरच्या तक्रारीला मुदतीत उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर वरून विचारणा होते. म्हणून उत्तर गेलं: ‘संबंधितांस नोटीस देण्यात आली आहे. सबब तक्रार निकाली.’ भिंत तशीच, पण तक्रार निकाली. तिनं पुन्हा केली, पुन्हा निकाली. पिंपळाची निदान फांदी तरी छाटा, म्हणून मी टिपण लिहिलं. ते वृक्ष विभागाकडं गेलं आणि तिथून शेरा आला की झाड खाजगी मिळकतीत असल्यानं मालकाचा अर्ज आणावा.

शेवटी कंटाळून मी तज्ज्ञाकडून तपासणी करवून घेतली. तज्ज्ञ आले, भिंतीला टकटक केलं, मागं सरकले आणि गाडीत बसूनच अहवाल लिहिला. भिंत अति धोकादायक. मला वाटलं, आता कुणाची ताकद आहे! अहवाल घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेबांनी वाचला. म्हणाले, “घरात कोण राहतं?”

“कुणी नाही.”

“मग धोका कुणाला?”

“शेजारच्या गिरणीला.”

“मग गिरणी बंद करा,” साहेब म्हणाले. “तातडीनं. उद्या काही झालं तर आपल्यावर यायला नको.”

आमच्या खात्याचं सगळं शहाणपण या एका वाक्यात आहे. ज्याचा दोष आहे त्याला हलवणं अवघड असतं. ज्याच्यावर भिंत पडणार आहे तो रोज त्याच जागी सापडतो, त्याला नोटीस द्यायला फ्लेक्स वाचावे लागत नाहीत. मी वाद घातला. आवाज चढवला. साहेब म्हणाले, “तिचा जीव वाचवायचा नाही का तुम्हाला?” जीव वाचवायचा होताच. पण हे असं?

नोटीस मीच घेऊन गेलो. शारदाबाईंनी चक्की बंद केली, पदरानं हात पुसले आणि कागद वाचला. मग परत वाचला.

“पडतंय घर त्येंचं आन् कुलूप मला?”

“तुमच्या जिवासाठीच आहे, बाई.”

“जीव मी रोज घेऊन उभी ऱ्हाती की हितं. तवा कुनी आलं न्हाय.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. “तुमी सांगा भाऊसाहेब, तुमाला हे पटतंय का?”

“नाही पटत,” मी म्हणालो.

“मग देता कशाला?”

तिनं काही दिवस गिरणी चालूच ठेवली. मग ऑफिसच्या पत्रावरून वीज तोडली गेली. बाई अंथुर्ण्याच्या बाजूला डाळिंबाच्या पॅकिंगला मजुरीनं जाऊ लागली. पेठेतल्या बायका दळणाचे डबे घेऊन लांब जाऊ लागल्या आणि येता-जाता मला शिव्या देऊ लागल्या. त्या मला पोचत होत्या.

परतीच्या पावसात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भरदुपारी भिंत पडली. बरोबर गिरणीवर. शेडचा पत्रा कागदासारखा चुरगळला, चक्की खाली गाडली गेली, आणि मागोमाग घरही खचून खाली आलं. मी धावत गेलो तेव्हा शारदाबाई पॅकिंगवरून नुकतीच आलेली, समोरच्या ओट्यावर बसली होती. हातात जेवणाचा डबा तसाच. ती ढिगाऱ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो.

आमच्या ऑफिसात मात्र आनंद. अहवाल गेला: नगरपरिषदेनं वेळीच केलेल्या कारवाईमुळं जीवितहानी टळली. कुणीतरी पेढे आणले. मी माझा पेढा सुदामला दिला. त्यानंही खाल्ला नाही, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून दिला, आणि दुसऱ्या दिवशी तिथं मुंग्या लागल्या.

आता खरी कमाल पुढं आहे. पाऊस ओसरतो न ओसरतो तोच तिन्ही भाऊ माझ्या टेबलासमोर उभे. तिघं एकत्र! ज्यांच्या सह्यांसाठी आबांनी चपला झिजवल्या, ते तिघं एकाच गाडीतून आले. त्या जागेवर कॉम्प्लेक्स बांधायचं होतं. खाली गाळे, वर दवाखाना. नकाशा तयार, आर्किटेक्ट बरोबर, तिघांच्या सह्या झालेल्या.

“आबांच्या वचनाचं काय झालं?” मी विचारलं.

“शब्द पाळला की,” विलासराव म्हणाले. चेहऱ्यावर समाधान. “आमी पाडलं न्हाय. आपसूक पडलं.”

मी अर्ज चाळला. चौथी सही नव्हती. काकूंची सही लागेल, म्हणून सांगितलं. विलासराव म्हणाले, ती काय, आज घेऊन टाकतो.

त्याच आठवड्यात शारदाबाईंचा अर्ज आला. गिरणी पुन्हा उभी करायची होती. माझ्या सहकाऱ्यानं नियम काढला. पूर्वीची गिरणी जुनी, चालत आलेली होती म्हणून चालत होती. ती पडली, म्हणजे आता नवं बांधकाम. नव्या बांधकामाला नवी परवानगी. आणि यंत्राचा आवाज होणार म्हणून लगतच्या मिळकतधारकांची ना हरकत. लगतचे मिळकतधारक म्हणजे तेच तिघं भाऊ आणि त्यांची आई.

मी हे तिला सांगितलं तेव्हा ती हसली. वाईट हसू होतं. “माझी गिरनी पाडायला कुनाची सही लागली न्हाय. उभी करायला समद्यांची?”

मी विलासरावांना फोन केला. ते म्हणाले, “भाऊसाहेब, तुमीच इचार करा. वर दवाखाना येनार हाय. पेशंट आराम करतोय आन् खाली चक्कीची धडधड. जमनार न्हाय.” मी म्हणालो, तुमच्या भिंतीनं तिची गिरणी गाडली. ते म्हणाले, “ती देवाची करनी.” मी फोन ठेवला, तो जरा जोरातच ठेवला.

निवृत्ती जवळ आली होती. मला कुणाचा धाक उरला नव्हता. रविवारी ना हरकतीचा कागद तयार करून मी शारदाबाईंना गाडीवर मागं बसवलं आणि अंथुर्ण्याला गेलो. मळ्यात पोचलो तर विलासराव आधीच आलेले, नकाशावर आईची सही घ्यायला. काकू पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांच्यापुढं तेच तेच बोलणं झालं. मी चिडलो, विलासराव चिडले, शारदाबाई खांबाला टेकून उभी.

काकूंनी लसणाची सुपली बाजूला ठेवली. “शारदे, तुझा कागद दे.”

विलासराव म्हणाले, “आई, त्यो न्हवं. ह्यो आपला.”

“आदी तिचा,” काकू म्हणाल्या. “मग तू सही करायची तिच्या कागदावर. दोगं भाऊ करत्याल. मग मी करती तुमच्या नकाशावर. समद्यांच्या सह्या लागत्यात न्हवं?”

त्यांनी शारदाबाईंच्या कागदावर सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली. विलासराव उभे होते ते बसले. “आई, अगं दवाखाना… आन् आबांचा जीव त्या घरात व्हता. कावळा शिवला तो कशावर शिवला?”

“तुज्या आबांना ती भित पाडायची व्हती,” काकू म्हणाल्या. “अंथरुनाला खिळल्यावर दुसरं बोलनं न्हवतं. मालन, पोरीच्या डोक्यावर भित हाय, एवडंच.”

विलासराव म्हणाले, “एवढं ठावं व्हतं तर तू बोलली का न्हाईस?”

“कुठं बोलू? आपल्यात बायामानसं घाटावर येत न्हाईत. तुमी घरी आला ते नाचतच आला, कावळा शिवला म्हनून. मला कुनी इचारलं?” त्यांनी पेन माझ्यापुढं धरलं. “आन् हे भाऊसाहेब. नोटिशी घेऊन किती बारी आलं हितं. परत्येक बारीला चा मीच दिला. चा घेतला आन् इचारलं काय, तर पोरं कुठं हायत.”